नागलीच्या पुड्यावर पहिलं नाव कुणाचं?



जव्हार-मोखाड्यात खाद्यपदार्थांचा धंदा म्हटलं की पहिली आठवते नागली. धान्य उतारावरच्या आपल्याच शेतातलं, हात घरचे, आणि पावसाळ्यात दाभोसा धबधबा बघायला येणारं गिऱ्हाईक दारात. तरी धंदा का अडतो? बऱ्याचदा आपण स्वतःलाच फसवतो म्हणून. तीन ठिकाणी तपासा.

1. लेबल
पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, हा एफएसएसएआयचा नियम आहे. म्हणजे 10 किलो पिठात 7 किलो मैदा आणि 3 किलो नागली असेल, तर मैदा आधी येणार. वर मोठ्या अक्षरात ‘नागली बिस्किटं’ आणि मागे पहिलं नाव मैद्याचं! शहरातलं गिऱ्हाईक मागची बाजू वाचतं. मैदा घालणं हा गुन्हा नाही, लपवणं चूक आहे. नागली खरंच वाढवा, नाहीतर प्रमाण स्पष्ट छापा.

2. हिशोब
समजा, 1 किलो बिस्किटांना सामान, गॅस, पुडा आणि गाडीभाडं मिळून 200 रुपये लागले आणि विक्री झाली 260 ला. 60 रुपये सुटले ना? थांबा. तुमचे 2 तास कुठे धरले? बाहेर 8 तासांची मजुरी 320 रुपये धरली, तर 2 तासांचे झाले 80. म्हणजे किलोमागे 20 रुपये तोटा! “घरचंच काम आहे” म्हणून मजुरी सोडू नका. कामाला बाई ठेवाल त्या दिवशी हा तोटा उघडा पडेल.

3. ऑर्डर आणि कर्ज
जानेवारीत 200 किलोची ऑर्डर आली. नागली घरात आहे, पण हात? दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. त्या महिन्यात गटातल्या किती जणी गावात असतील, हे मोजून मगच शब्द द्या. “40 किलो नक्की देते, बाकीचं जमणार नाही” असं म्हटल्याने कमीपणा येत नाही. वेळ चुकली तर मात्र दुकानदार परत विचारत नाही.

कर्जाचंही तसंच. मुद्राच्या शिशु गटात 50,000 पर्यंत मिळतं, म्हणून तेवढं घ्यायलाच हवं असं नाही. सगळ्यात मंद महिन्याच्या कमाईतून जेवढा हप्ता निघेल, तेवढंच घ्या.

आजचा गृहपाठ: वही उघडा, मागच्या महिन्याची स्वतःची मजुरी लिहा आणि नफा परत काढा. आकडा कडू निघाला तरी खोडू नका. नवा भाव त्याच आकड्यावरून ठरवायचा आहे.