तारकर्लीहून घाट चढण्याआधी

माहूरच्या पोरांना पाणी म्हणजे मातृतीर्थाचं तळं, नाहीतर पैनगंगा. हल्ली मात्र ती थेट तारकर्लीला जाऊन स्कूबा करून येतात आणि मला, त्यांच्या जुन्या विज्ञानाच्या मास्तराला, मोबाइलमधले मासे दाखवतात. मी विचारतो, "खाली किती वेळ होतास? आणि गाडी घाटाला कधी लागली?" दुसऱ्या प्रश्नावर ती हसतात.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि टाकीतली हवाही तेवढ्याच दाबाने फुप्फुसात जाते. त्यातला प्राणवायू शरीर वापरतं. सुमारे ७८ टक्के असलेल्या नायट्रोजनला मात्र शरीरात काहीच काम नाही. तो रक्तात विरघळतो, रक्ताबरोबर ऊतींपर्यंत पोचतो आणि आतला-बाहेरचा दाब जुळेपर्यंत मुरत राहतो.

सगळ्या ऊती एका वेगाने भरत नाहीत. मेंदूला रक्त भरपूर, तो काही मिनिटांत भरतो. सांधे आणि चरबी यांचं काम सावकाश. त्यातही चरबीत नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो. आमच्याकडे दत्तजयंतीची गर्दी शिखरावरून उतरली, तरी आतल्या गल्ल्यांतल्या धर्मशाळा लगेच रिकाम्या होत नाहीत; तसंच हे.

याचं गणित अर्धकालाचं. ५ मिनिटं अर्धकाल असलेली ऊती पहिल्या ५ मिनिटांत निम्मी भरते, पुढच्या ५ मिनिटांत उरलेल्याच्या निम्मी, आणि अर्ध्या तासात जवळपास पूर्ण. अर्धकाल १२० मिनिटांचा असेल तर त्याच कामाला १२ तास. वायू बाहेर पडतो तोही याच चालीने. मध्येच बुडबुडे झाले तर आणखी रेंगाळतो.

हे कोष्टकात प्रथम बसवलं जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. बोकड-शेळ्यांना दाबाच्या खोलीत ठेवून केलेले त्यांचे प्रयोग १९०८ साली प्रसिद्ध झाले. लहानपणी वडिलांच्या प्रयोगांत पाण्याखाली उतरलेला त्यांचा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. ते पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. थोरल्या हाल्डेन यांनी ऊतींचे पाच गट धरले होते. झुरिकच्या ब्यूलमान यांनी ते सोळापर्यंत नेले. पाणबुड्याच्या मनगटावरचा संगणक बहुधा असलंच गणित करत असतो. हे सोळा गट म्हणजे सोळा अवयव नव्हेत, हिशेबाची सोय आहे, एवढं मात्र मुलांना बजावून सांगावं लागतं.

भरलेली ऊती आणखी भरत नाही. खोल समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे म्हणूनच आठवडेच्या आठवडे दाबाच्या खोलीत मुक्काम करतात. दाब उतरवायचा तो शेवटी एकदाच, पण त्याला कित्येक दिवस लागतात.

घाईने वर आलं की बाहेरचा दाब झटकन उतरतो, आतला वायू मात्र तेवढ्या लवकर निघत नाही, आणि बुडबुडे धरतात. मग सांधे ठणकतात, कातडी खाजते, हातपाय बधिर होतात, क्वचित लुळेही पडतात. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने चढायचं नाही आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, असा रिवाज आहे.

आता घाटाचं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ८ टक्क्यांच्या आसपास कमी, आणि तारकर्लीहून गाडी दोन-तीन तासांत तिथे पोचते. सावकाश ऊती तोवर रिकाम्या झालेल्या नसतात. पर्यटकांना प्रशिक्षक हाताला धरून पाच-सात मीटरवर नेतात, त्यात नायट्रोजन फारसा साठत नाही. तिथे मोठा धोका श्वास कोंडून वर येण्याचा, त्याने फुप्फुस फाटू शकतं. पण प्रशिक्षण घेऊन खोल बुड्या मारणाऱ्याने एका बुडीनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये, असा जगभरचा संकेत आहे. तोच हिशेब घाटालाही लावावा, असं माझं मत.

आणि घरी आल्यावर सांधा दुखला किंवा पाय बधिर वाटला, तर आमच्याकडचा डॉक्टर आधी वात नाहीतर मणका धरील. त्यात त्याची चूक नाही. माहुरात समुद्राचा रोगी कोण येणार? तेव्हा दवाखान्यात पाऊल टाकताच सांगा की कालपरवा आपण टाकी लावून समुद्रात उतरलो होतो, आणि शुद्ध प्राणवायू लावायला सांगा.