आंतड्यांचा जुनाट दाह आणि विम्याचें छत्र

आरोग्यविमा उतरविला कीं आजारपणाच्या खर्चाची काळजी मिटली, असें पांढरपेशा कुटुंबांत बहुधा धरून चालतात. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेपुरतें तें बरोबरहि आहे. परंतु क्रोन्सचा रोग किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, हे आंतड्यांच्या दाहाचे विकार घरांत शिरले म्हणजे ही समजूत अपुरी पडते.

हे विकार पुष्कळदां ऐन तारुण्यांत सुरू होतात. जुलाब, रक्त पडणें, पोटांत कळा, वजन घटणें हीं त्यांचीं लक्षणें. औषधानें तीं शमतात, पण रोग समूळ जात नाहीं. रोग्याला खाटेपेक्षां औषधाची गरज अधिक, आणि तीहि वर्षानुवर्षें. भारतांतील विमा-करार मात्र मूळचे खाटेभोवतीं रचलेले. रोगी निदान चोवीस तास रुग्णालयांत असावा, हा जुना दंडक. रोजच्या गोळ्या व वारंवारच्या तपासण्या यांचा भार, बाह्यरुग्ण-खर्चाची निराळी तरतूद नसेल तर, घरच्या मिळकतीवरच पडतो.

इन्फ्लिक्सिमॅब हें महागडें औषध शिरेंतून देतात. पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या व सहाव्या आठवड्यांत, पुढें दर आठ आठवड्यांनीं. कांहीं तासांत रोगी घरीं परततो. मग चोवीस तास कोठून भरावयाचे? विमा नियामक प्राधिकरणानें २०१९ सालीं अशा प्रतिपिंड-इंजेक्शनांना विम्यांतून वगळूं नये असें ठरविलें. तरी खर्चाला मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना राहिली.

त्याच सूत्रांत दुसरीहि एक यादी होती. विमा घेतांना अंगीं असलेले जे रोग, अर्जदाराच्या संमतीनें, कायमचे वगळतां येतील त्यांत आंतड्यांचा दाह होता. एरव्हीं अशा माणसाला विमाच नाकारला जाई, हा त्यामागील तर्क. तो अगदींच खोटा नव्हे. पण पोटाच्या रोग्याला पोट सोडून बाकीच्या शरीराचा विमा, ही तडजोड विलक्षणच!

म्हणून रोग दडविण्याचा मोह होतो. तो घातक आहे, कारण तक्रार केव्हांपासूनची हें रुग्णालयाच्या कागदांत लिहिलेलें असतें. २०२४ सालीं जुन्या रोगासाठींचा प्रतीक्षाकाळ जास्तींत जास्त तीन वर्षांवर आला, आणि विमा पांच वर्षें अखंड चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारतां येणार नाहीं असें ठरलें.

नोकरींतील सामुदायिक विम्यांत जुना रोगहि बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. त्यामुळें अशा घरीं नोकरी बदलण्याचा विचार पगारापेक्षां विम्याच्या कागदावरून होऊं लागतो. राजीनामा देण्यापूर्वींच त्या कंपनीच्या वैयक्तिक विम्यांत बदल करून मिळेल काय, याची चौकशी करावी. खंड पडल्यास प्रतीक्षेचीं वर्षें पुन्हां पहिल्यापासून मोजावीं लागण्याचा संभव असतो.