दातांची कीड : वारसा जनुकांचा की जंतूंचा?

‘आमच्या घराण्यातच दात वाईट’ असे आपण सहज म्हणतो. या समजुतीला मोठा धक्का दिला तो हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याने.

अमेरिकेत बेथेस्डा येथे पॉल कीझ हॅमस्टरांना भरपूर साखर खाऊ घालत. सोनेरी हॅमस्टरांचे दात किडत, काही पांढऱ्यांचे मात्र शाबूत राहत. फरक आनुवंशिक वाटावा असाच. पण गाभणपणात आणि पिले अंगावर पीत असताना मादीला पेनिसिलिन दिले, की तिची पिलेही कीडमुक्त राहत. पेनिसिलिन काही जनुके बदलत नाही! मग पांढरे हॅमस्टर सोनेऱ्यांबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांचेही दात किडले. आईकडून पिलांकडे जात होते ते जंतू. हे 1960 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी फिट्झगेराल्ड आणि कीझ यांनी किडलेल्या दातांतले स्ट्रेप्टोकॉकस जंतू वेगळे काढून निरोगी हॅमस्टरांच्या तोंडात सोडले आणि कीड घडवून दाखवली.

म्हणजे आनुवंशिकता खोटी का? नाही. मिशिगनमध्ये हंट आणि हॉपर्ट यांनी निवडक पैदाशीतून लवकर दात किडणारे आणि कीड रोखणारे, असे उंदरांचे दोन वंश तयार केले होते. पण जंतू आणि साखर यांच्याशिवाय कीड होत नाही.

जनुके आपल्या हाती नाहीत. बाळाच्या आईबाबांनी स्वतःच्या किडलेल्या दातांवर वेळीच उपचार करणे आणि बाळाची साखर आवरणे मात्र नक्कीच आहे.