नवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलाय? आधी ही सेटिंग बघा

गेल्या आठवड्यात मित्राकडे नवा मॉनिटर लावायला गेलो होतो. २७ इंची, १४४० पी, १४४ हर्ट्झ. तो म्हणाला, "अरे, जुन्यात नि यात फरकच वाटत नाही." माउसचा बाण गोल फिरवून पाहिला, तर मागे तुटक तुटक ठिपके. मॉनिटर चक्क ६० वर चालला होता!

विंडोज अकरामध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा आणि रिफ्रेश रेट स्वतः निवडा. बऱ्याचदा तो ६० वरच राहतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल तपासा. जुन्या एचडीएमआय १.४ वर १४४० पीला १४४ मिळत नाही, डिस्प्लेपोर्ट १.२ वर आरामात मिळतो.

फरक किती? ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ ला ६.९. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये झटकन मागे वळलात की समोरचा माणूस कमी पुसट दिसतो, तो यामुळेच. २४० ला हा वेळ ४.२ वर येतो, म्हणजे पुढची उडी बरीच लहान. म्हणून माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याने १४४ किंवा १६५ च घ्यावा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. कार्ड सेकंदाला ७० फ्रेम देत असेल तर पडदा १४४ चा असून उपयोग अर्धाच. फ्रेम कमीजास्त होतात तेव्हा चित्र फाटू नये म्हणून फ्रीसिंक किंवा जी-सिंक मात्र चालू ठेवा.

तुमचा मॉनिटर सध्या किती हर्ट्झवर चाललाय? आत्ताच बघा आणि खाली लिहा.