भट्टीभोवतीची माणसं

लेखमाला : हाताची कामं – लेखांक ७

मागच्या आठवड्यात हाताने घडवलेल्या वस्तूची किंमत कशी धरतात ते पाहिलं. आता त्याच्याही आधीचा प्रश्न. दुकान नाही, मालक नाही, पाळीचा भोंगा नाही. एक माणूस आपल्या खोलीत एकटा बसून काही घडवतोय. त्याला नवं सुचतं कुठून, आणि अडलं तर तो विचारतो कुणाला? परंपरेने कुंभारकाम करणाऱ्या घरात हा प्रश्न फारसा पडत नसे. चाक, माती, आवा आणि चुका काढणारी वडीलधारी माणसं, सगळं अंगणातच असे. आपल्या मर्जीने या वाटेला आलेल्याला मात्र गोतावळा जमवावा लागतो. तो कसा जमतो हे पाहायला मातीकामाइतकं सोयीचं क्षेत्र नाही, कारण त्यात एक गोष्ट एकट्याने सांभाळणं फार कठीण असतं: लाकडावर चालणारी मोठी भट्टी.

बर्नार्ड लीच हा इंग्रज चित्रकार १९०९ साली जपानला गेला तो एचिंग शिकवायला. मातीशी त्याचा काही संबंध नव्हता. १९११ साली मित्रमंडळींच्या एका बैठकीत पाहुण्यांच्या हाती कच्ची भांडी आणि कुंचले देण्यात आले. त्यांनी रंगवलेली भांडी तिथल्या तिथे छोट्या भट्टीत भाजून परत दिली गेली. लीच तिथून उठला तो गुरू शोधायलाच. पुढच्या शतकभराच्या स्टुडिओ पॉटरीवर ज्याची छाप आहे, त्याला ओढ लागली ती अशी, चार माणसांच्या घोळक्यात.

१९२० मध्ये तो शोजी हामादा या तरुण जपानी कुंभाराला घेऊन इंग्लंडला परतला आणि कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज या कोळ्यांच्या गावी दोघांनी काम मांडलं. पैशाचा आधार दिला तो गावातल्या हस्तकला संघाने. दोघांनी जपानी पद्धतीची, उतारावर पायरी-पायरीने चढत जाणारी भट्टी बांधली. पण त्या भागात लाकडाची टंचाई, आणि भट्टी मनासारखी तापेना. शेवटी १९२२ साली त्सुरुनोसुके मात्सुबायाशी हा भट्ट्यांचा जाणकार जपानहून आला आणि त्याने तीन दालनांची नवी भट्टी उभारली. त्याने शिकाऊ मंडळींना भट्टीचं आणि मातीचं शास्त्रही समजावून सांगितलं.

अशी भट्टी बाराशे-तेराशे अंशांपर्यंत न्यायची तर तासन्‌तास, रात्र जागवून लाकूड घालत राहावं लागतं. एक जण आत टाकणार, एक जण फोडून देणार, एक जण ज्वाळेचा रंग पाहणार, आणि एवढ्यात कुणीतरी झोपलेलं असणार, कारण पुढची पाळी त्याची. पटो न पटो, ही माणसं एकमेकांच्या हाताखाली राबतात. माझं मत असं की कारागिरांचा खरा शेजार गप्पांतून फारसा उभा राहत नाही. एकट्याला न झेपणाऱ्या कामातून राहतो. आवड सारखी असली की ओळख होते, पण ती टिकायला अडचणही सारखी असावी लागते.

सुचण्याचंही तसंच. जुन्या इंग्रजी भांड्यांवर पातळ मातीच्या, म्हणजे स्लिपच्या, फणी फिरवल्यासारख्या रेघा असत. ती हातोटी लोप पावली होती आणि लीच-हामादांना काही केल्या साधेना. उलगडा झाला चहाच्या टेबलावर. पावावर ब्लॅकबेरीचा जॅम, त्यावर कॉर्नवॉलची दाट साय; ती एकमेकांत ओढली गेली तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की दोन्ही थर ओले असतानाच रेघ ओढायची असते. साय रोजचीच होती. पण तेच कोडं डोक्यात घेऊन बसलेली दोन माणसं टेबलाशी होती, म्हणून ती दिसली.

सेंट आइव्ह्जला आलेल्या सुरुवातीच्या शिष्यांत मायकेल कार्ड्यू होता, जो पुढे घाना आणि नायजेरियात जाऊन शिकवू लागला. आणि १९२४ मध्ये आलेली कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी. मला तीच जास्त जवळची वाटते. तिने कोलशिलला स्वतःची भट्टी घातली आणि नोरा ब्रेडन या सखीसोबत राखेच्या ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, वर्षानुवर्षं प्रयोग केले. झाड बदललं की राख बदलते. राखेतलं कॅल्शियम आणि पोटॅश हे मातीतल्या सिलिकाचा वितळबिंदू खाली आणतात. प्रमाण किती ते त्या झाडाने जमिनीतून काय उचललं त्यावर ठरतं. म्हणून एका झाडाच्या राखेचं ग्लेझ दुधी, तर दुसऱ्याचं हिरवट. दोघींनी याच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. आता खरं सांगायचं तर जाळायला झाडं होती ती कॅथरीनच्या घराण्याच्या इस्टेटीत. स्वतंत्र कारागिराच्या कौतुकात त्याला कुणी पोसलं ही ओळ बहुतेक वेळा गळून पडते.

या वर्तुळाचं एक टोक भारतातही आहे. गुरचरण सिंग १९१९ मध्ये सिरॅमिक्स शिकायला जपानला गेले, तिथे लीच, हामादा आणि कलाविचारक यानागी यांच्या सहवासात आले, आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू’ पॉटरी सुरू केली. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकी जोडप्याने पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी उभारली. डेबोरा जपानमध्ये शिकलेल्या. पाँडिचेरीच्या त्या भट्टीत सुरूची लाकडं जळतात, आणि देशभरातले कितीतरी स्टुडिओ-कुंभार तिथे शिकून आपापल्या गावी परतले.

शहरात परतल्यावर मात्र गणित बदलतं. फ्लॅटमध्ये धूर चालत नाही, मग विजेची भट्टी येते. कळ दाबली, तापमान लावलं आणि झोपलं तरी चालतं. सोय मोठीच, पण तिने जागरणही नेलं आणि जागणारी माणसंही. शिवाय एक तांत्रिक तोटाही आहे: हवा कोंडून धुरकट ज्वाळेत भाजलं की लोखंडाच्या ग्लेझमध्ये जो थंड हिरवा येतो, तो विजेच्या भट्टीत सहसा मिळत नाही, तिथे तोच मसाला पिवळट-तपकिरी होतो. असा रंग हवा असणारे मग कुणाच्या तरी गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीत एखादा कप्पा मागून घेतात. मला हे मागणं फार मोलाचं वाटतं. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभार कुटुंबांच्या भट्ट्या घरांमधल्या मोकळ्या जागेत शेजाऱ्यांच्या सामाईक असतात. स्टुडिओवाले ज्याला आता ‘शेअर्ड स्पेस’ म्हणतात, ते तिथे कधीपासून चालू आहे.

सामाईक भट्टीचा आणखी एक फायदा कुणी उघड बोलत नाही. ती उघडताना तुमचं तडकलेलं भांडंही सगळ्यांसमोर बाहेर येतं. तेरच्या गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, अशी कथा आहे. असं थापटणं मारणारं माणूस आजूबाजूला नसेल तर नुसतं कौतुक करणारे पुष्कळ मिळतात आणि तळ दोन वर्षं जाडच राहतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने कार्यशाळेची चौकशी करताना शिकवणीच्या तासांआधी दोन गोष्टी विचाराव्यात: भट्टी भरायला आणि उघडायला मला उभं राहू देणार का, आणि बिघडलेल्या भांड्यांवर तिथे बोललं जातं का?

पुढच्या आठवड्यात पुन्हा राखेकडे वळू. चुलीतली राख चाळून, धुऊन तिचं ग्लेझ कसं करतात आणि धुताना हातमोजे का लागतात, ते पाहू.