एचआयव्ही बाधिताचा ग्लास वेगळा ठेवू नका

गावात कुणी एचआयव्ही बाधित असलं की आजही त्याचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवतात. त्याची काहीच गरज नाही. विषाणूच्या अंगावरचं जीपी १२० प्रथिन म्हणजे किल्ली. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींवर सीडी ४ हे कुलूप असतं. किल्ली बसली की सीसीआर ५ किंवा सीएक्ससीआर ४ ही दुसरी कडी उघडते, मग जीपी ४१ विषाणूला आत घालतं. हात मिळवून, सोबत जेवून तो या पेशींपर्यंत पोचतच नाही. असुरक्षित संबंध, बाधित रक्त-सुई आणि आईकडून बाळाला, हेच त्याचे रस्ते. नगरची स्नेहालय संस्था बाधित मुलांना सांभाळते. सरकारी दवाखान्यात तपासणी, एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ लावा.