झेड-इंडेक्स ९९९९ दिला, तरी मेनू मागेच का राहतो?

समजा, वारज्यातल्या एका मिठाईच्या दुकानाने वेबसाइट सुरू केली. गणेशोत्सव तोंडावर आलाय. ग्राहक मोबाईलवर मेनू उघडतो, पण 'ऑर्डर करा' हा पर्याय मोदकांच्या मोठ्या फोटोमागे झाकला गेलाय. तो दोनदा बोट टेकवतो आणि दुसऱ्या दुकानाकडे वळतो. वेबसाइट बनवणाऱ्याने मेनूला ९९९९ हा आकडा दिला होता. मग चुकलं कुठे?

कोण वर, कोण खाली?

वेब पेज सपाट दिसतं, पण ब्राउझर त्यातले घटक एकावर एक रचत असतो. साधा नियम असा: कोडमध्ये नंतर आलेला घटक आधीच्या घटकावर बसतो. हा क्रम बदलायला सीएसएसमध्ये झेड-इंडेक्स आहे. मोठा आकडा वर, लहान खाली. उणे आकडाही चालतो.

पण एक अट आहे. त्या घटकाची पोझिशन रिलेटिव्ह, ॲब्सोल्यूट, फिक्स्ड किंवा स्टिकी हवी. काहीच दिलं नसेल, तर झेड-इंडेक्सचा उपयोग होत नाही. फ्लेक्स आणि ग्रिडमधले थेट घटक मात्र याला अपवाद आहेत.

खरी गोम: स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट

वारज्याचा पूल आठवा. मुंबई-बंगळुरू महामार्ग वरून जातो, कर्वेनगरकडून माळवाडीकडे जाणारा रस्ता खालून. खालची बस कितीही उंच असली, तरी पुलावरच्या स्कूटरच्या वर जाणार नाही. बसची उंची फक्त खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांशी मोजायची.

आपल्या वेबसाइटवर नेमकं हेच झालं. मेनू ज्या हेडरमध्ये आहे, त्या हेडरचा झेड-इंडेक्स होता १. फोटोच्या पट्टीचा होता २. म्हणजे हेडर खालचा रस्ता आणि फोटो पूल. मेनूचे ९९९९ हे हेडरच्या आतल्या आतच मोजले गेले.

असा वेगळा 'रस्ता' नकळतही तयार होतो. एखाद्या घटकाला ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर लावला, किंवा त्याची ओपॅसिटी १ पेक्षा कमी केली, तरी तो आपला स्वतंत्र स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट बनवतो.

मग उपाय काय?

१. आधी घटकाची पोझिशन तपासा.
२. आकडा वाढवत बसू नका. घटक कोणाच्या आत आहे ते बघा आणि एकेक पायरी वर जा.
३. बाहेरच्या घटकाचा आकडा बदला. इथे हेडरला १ ऐवजी १० दिले की काम झालं.
४. संपूर्ण वेबसाइटसाठी १०, २०, ३० असे मोजके टप्पे ठरवून ठेवा. मध्ये काही बसवायचं असेल, तर जागा राहते.

तेव्हा पुढच्या वेळी ९९९९ टाइप करण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझा घटक पुलावर आहे की पुलाखाली?